स्वतःवरील दयेची वहिवाट

पेशव्यांच्या अमदानीतील जमाबंदीचे कागद चाळू लागले म्हणजे घरपट्टी, मोहतर्फा, लग्नटका या नित्याच्या बाबींच्या ओळीत 'पाटदाम' ही एक बाब नजरेस पडते. नवरा वारल्यावर एखाद्या स्त्रीने दुसऱ्याशी पाट लावला, तर त्या संबंधाबद्दल सरकारात भरावयाची ही पट्टी. ज्या पुण्यात ब्राह्मण विधवेचे केस उतरवून तिला आलवण नेसवण्यात घराण्याची अब्रू सांभाळली जाते असे मानीत, त्याच पुण्याच्या दप्तरात भोवतालच्या कुणबी, माळी, धनगर, तेली, सुतार यांच्या विधवा नवा संसार मांडीत आहेत याची नोंद होती, आणि ती सरकारच्या उत्पन्नाची एक किरकोळ पण नियमित बाब होती. एकाच राज्यात, एकाच देवळाच्या छायेत राहणाऱ्या दोन स्त्रियांवर एकच आघात व्हावा आणि त्यानंतर स्वतःच्या जिवाशी कसे वागावे याच्या दोन सर्वस्वी भिन्न वहिवाटी त्यांच्यापुढे असाव्यात, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते.

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सांगण्यावरून आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींची जी चौकशी केली आणि १८२७ साली जी ग्रंथरूपाने छापली गेली, तीत कोणत्या जातीत पाट चालतो आणि कोणत्या जातीत चालत नाही याचा तपशील आला आहे. पाट हा लग्नाच्या तोडीचा संस्कार कधीच मानला गेला नाही. तो बहुधा कृष्णपक्षात, रात्रीच्या वेळी लागे. सवाशिणींनी त्या ठिकाणी जाऊ नये, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत त्या स्त्रीचे तोंड कोणी पाहू नये, असे संकेत असत. आणि वर जर अविवाहित असेल तर त्याचे पहिले लग्न रुईच्या झाडाशी लावून मग हा संबंध पुरा करीत. लग्नाची बायको आणि पाटाची बायको यांच्या मानात फरक राहीच. म्हणून पाटाच्या चालीचे वर्णन कोणी स्त्रीस्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून करू लागले तर ते मला पटणार नाही. कित्येकदा त्या स्त्रीला न विचारताच आप्तांनी हा सौदा ठरवलेला असे, पहिल्या नवऱ्याची मुले त्याच्या भाऊबंदांकडे ठेवून तिला जावे लागे, आणि शेतावर राबणारे दोन हात वाया जाऊ नयेत हा हिशेबही त्यामागे असे. तथापि एवढे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते: नवरा गेला म्हणजे आपले माणूसपण संपले, असे त्या स्त्रीला तिच्या जातीने सांगितले नव्हते.

उलट पक्षी सोवळ्या विधवेला जे सांगितले गेले होते ते फार भयंकर होते. नवऱ्याचा मृत्यू हा त्याच्या दुखण्याचा परिणाम नसून आपल्या पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ आहे, आपल्या पायगुणाने हे घर बसले, आणि उरलेले आयुष्य हे त्या पातकाचे प्रायश्चित्त आहे, ही शिकवण ती लहानपणापासून इतरांच्या बाबतीत ऐकत आलेली असे. म्हणून जेव्हा तिची पाळी येई तेव्हा शिक्षा फर्मावणारा बाहेरून यावा लागत नसे. ती स्वतःच फिर्यादी, स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश होऊन बसे. दर पंधरवड्यास न्हाव्यापुढे डोके देणे, एकभुक्त राहणे, जमिनीवर निजणे, मंगलकार्यात माजघराच्या कोपऱ्यात दिसेनासे होणे, या सर्व गोष्टींना बळजबरीची गरज असे ती पहिल्या वर्षी. पुढे पुढे त्या स्त्रीच्या अंगवळणी पडत, आणि वार्धक्यात तर घरातील नव्या बालविधवेच्या बाबतीत नियमांचा सर्वांत कडक आग्रह तीच धरी. रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांच्या शिक्षणापायी त्यांना किती छळले याचे जे शांत वर्णन आहे, ते वाचताना त्या छळणाऱ्यांविषयी राग येण्याऐवजी मला नेहमी वाईट वाटते. ज्यांनी स्वतःला आयुष्यात कसलीच सूट दिली नाही, त्यांनी ती दुसरीला द्यावी कोठून?

अलीकडच्या मानसशास्त्रात स्वतःवरील दयेच्या या विषयाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ या विदुषीने २००३ साली मनुष्य स्वतःच्या अपयशाकडे आणि वेदनेकडे किती ममतेने पाहतो हे मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्या उपपत्तीप्रमाणे या ममतेची तीन अंगे आहेत: स्वतःशी कठोरपणाऐवजी मायेने वागणे, आपले दुःख हे एकट्या आपल्याच वाट्याला आलेले नसून मनुष्यमात्राच्या वाट्याचे आहे हे ओळखणे, आणि वेदनेत वाहून न जाता तिच्याकडे जागेपणी पाहणे. पुढे या प्रश्नावलीच्या आधारे जे अभ्यास झाले त्यांत स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा किंचित कमी भरतात असे दिसले. आणि थायलंड, अमेरिका व तैवान या तीन देशांची तुलना नेफ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडली तेव्हा थायलंड सर्वांत वर, तैवान सर्वांत खाली आणि अमेरिका मध्ये आली. पूर्वेकडचे दोन देश दोन टोकांना गेले याचा अर्थ उघड आहे की पूर्व आणि पश्चिम अशा ठोकळ विभागणीने येथे काही साधत नाही. लिंग, वय, जात, ऐपत आणि ज्या गावात आपण जन्मलो त्या गावची रीत यांचा मनाच्या या कप्प्यावर कसा ठसा उमटतो हे समजून घ्यावयाचे तर इतिहासाकडेच वळावे लागते, आणि त्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राइतका बोलका पुरावा क्वचितच कोठे मिळेल.

कायद्याने प्रथम हात घातला तो १८५६ साली. विधवाविवाहाला मान्यता देणारा हा कायदा झाल्यावर विष्णुशास्त्री पंडितांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचा ग्रंथ मराठीत आणला, विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली, १८६९ साली मुंबईत एक पुनर्विवाह घडून आला आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर मोठा वाद होऊन सुधारकांवर बहिष्कार पडला. हा भाग पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही. मात्र त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क, ती जणू मृत झाली असे मानून, संपुष्टात यावा असे ते कलम सांगत होते. आणि ज्या जातींत पाटाची चाल पूर्वापार होती, ज्यांना या कायद्याची काहीच गरज नव्हती, त्यांच्या विधवांनाही मुंबईच्या उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोच नियम लागू धरला. वरच्या जातींच्या स्त्रियांना जी थोडी मोकळीक देण्यासाठी कायदा आला, त्याच कायद्याच्या बोटाला धरून खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांकडे शिक्षा चालत गेली.

कायदेपंडितांचा हा वाद चालू असताना ज्यांच्याविषयी तो चालला होता त्या स्वतः काय म्हणत होत्या? यांतील पहिला आवाज अत्यंत अनपेक्षित दिशेने आला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते आणि थंडीपावसात त्यांचे कसे हाल होतात, हे तिने त्यात लिहिले आहे. या मुलीने आपल्या लोकांच्या दारिद्र्याबद्दल पूर्वसंचिताला जबाबदार धरले नाही, आणि स्वतःलाही धरले नाही. जिच्या सावलीचा विटाळ मानला जाई तिला स्वतःची कणव येऊ शकली, आणि जिच्या सोवळ्याचा दरारा होता तिला ती येऊ शकली नाही, हा विरोध मला फार मोलाचा वाटतो. मुक्ताबाईंच्या निबंधात एकटेपणा नाही. तेथे सर्वत्र 'आम्ही' आहे. दुःख सामायिक आहे हे ज्याला आधीच ठाऊक असते, त्याला स्वतःवर दया करण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही.

फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले आणि फसलेल्या ब्राह्मण विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे असे जाहीर केले. ज्या माळी समाजात विधवेला पाटाची वाट उघडी होती, त्या समाजातील एक निपुत्रिक जोडपे ती वाट बंद असलेल्या घरांतील मुलींची बाळंतपणे करीत होते, आणि त्यांतीलच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला.

ज्यांना असे दार सापडले नाही त्यांचे काय होई हे १८८१ साली सुरतेच्या एका खटल्याने सर्वांपुढे आले. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, जी पुढे कमी करण्यात आली. आणि वृत्तपत्रांनी त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर आग पाखडली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापले. ताराबाई मराठा घराण्यातील. शहाण्णव कुळीचा अभिमान धरणाऱ्या मराठ्यांत पाट निषिद्ध, म्हणजे कुलीनपणाचा पडदा आणि विधवेची कोंडी या दोन्ही गोष्टी तेथेही होत्या. जे दोष स्त्रियांच्या अंगी आहेत म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सरळ प्रश्न. त्यांच्या लेखनातील संताप सर्वांच्या लक्षात येतो, पण त्या संतापाच्या पोटी जी माया आहे ती क्वचितच कोणी दाखवली: विजयालक्ष्मीच्या हातून घडलेल्या कृत्याला त्या चांगले म्हणत नाहीत, आणि तरीही तिला टाकूनही देत नाहीत. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सारा'तून त्यांची बाजू घेतली. परंतु ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही, ही मराठी वाङ्मयाची न भरून येणारी हानी होय.

जातीच्या रिवाजाचा मनावर केवढा परिणाम होतो हे पाहावयाचे तर मुंबईच्या रखमाबाईंचे चरित्र लक्षपूर्वक वाचावे. त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले, आणि त्यांच्या आई जयंतीबाई यांनी पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत ही चाल असल्यामुळे या विवाहास बाध आला नाही. आपली आई विधवा झाली, पुन्हा उभी राहिली आणि एका विद्वान माणसाच्या घरात मानाने नांदली, हे ज्या मुलीने डोळ्यांनी पाहिले होते तिचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. आणि जाणती झाल्यावर, आपल्या संमतीवाचून झालेल्या या विवाहात आपण नांदावयास जाणार नाही, असे ती म्हणाली. दादाजींनी १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा नाहीतर सहा महिने कैद भोग असा हुकूम केला, तेव्हा कैद पत्करीन असे उत्तर या बाईंनी दिले. १८८८ साली दादाजींना रक्कम देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. जयंतीबाईंच्या घरी पाटाची चाल नसती तर रखमाबाईंच्या ठिकाणी हे धैर्य आलेच नसते असे मी म्हणणार नाही. परंतु स्वतःच्या सुखाचा विचार करणे हे पाप नव्हे हा धडा त्यांना पुस्तकातून गिरवावा लागला नव्हता, एवढे निश्चित. आणि तरीही १९०४ साली दादाजी वारल्यावर याच रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसण्यास सुरुवात केली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या माणसाशी संसार केला नाही त्याचे वैधव्य त्यांनी का पत्करले असेल, याचा उलगडा न्यायालयाच्या कागदांत होत नाही; तथापि हे पातळ पाहून त्यांच्या बंडाला कमी लेखणारे लोक मनुष्याच्या मनाची घडण ओळखत नाहीत असेच मी म्हणेन.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा त्यांनी निश्चय केला. या घटनेचे मोल मला शास्त्रार्थाच्या शंभर सभांहून अधिक वाटते. वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांच्या स्वतःच्या घरी विधवा मुलीला पाटाची सोय होती. परक्या घरातील बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या केसांवर वस्तरा धरताना त्यांना काय वाटत असेल हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्याच सुमारास हरि नारायण आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून लिहिण्यास घेतली आणि ब्राह्मण विधवेची कथा तिच्याच तोंडून सांगवली. लेखक पुरुष होता खरा, पण आपली हकीकत 'मी' म्हणून सांगता येते आणि ऐकणारे डोळे पुसतात, हे शेकडो वाचक स्त्रियांना त्या कादंबरीने प्रथम दाखवले.

तथापि हकीकत सांगण्यास शेजारी बसणारी दुसरी बाई हवी. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले, तेव्हा जे घडले त्याचे खरे मर्म शिकवण्यापेक्षा एकत्र राहण्यात होते असे मला वाटते. आठव्या वर्षी, लग्नाला काही महिने होतात न होतात तोच विधवा झालेली कोकणातली गोदूबाई ही त्या सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा विवाह झाला, मुरुडला दोघांवर बहिष्कार पडला, आणि आनंदीबाई किंवा बाया कर्वे या नावाने तिने पुढे आपले 'माझे पुराण' सांगितले. त्या पुस्तकात स्वतःची कीव कोठेही नाही आणि स्वतःवर चीडही नाही. एक प्रेमळ, रोखठोक म्हातारी आपल्याच लहानपणीच्या मुंडन केलेल्या मुलीकडे पाहते आणि तिला जवळ घेते, असा त्याचा सूर आहे.

तिचीच बहीण पार्वतीबाई आठवले. याच घरातील, याच वैधव्याची, आणि तरी मनाने किती निराळी! विसाव्या वर्षी एका मुलासह वैधव्य आलेल्या पार्वतीबाई कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव निधी गोळा करीत, परदेशी जाऊन आल्या, आणि कितीतरी वर्षे त्यांनी आपले केशवपन चालूच ठेवले. इतर विधवांच्या मुक्तीसाठी राबणाऱ्या या बाईला स्वतःला मोकळे करण्यास आयुष्याचा मोठा भाग जावा लागला, आणि हा सारा प्रवास त्यांनी १९२८ च्या 'माझी कहाणी'त लपवाछपवी न करता नोंदवून ठेवला आहे. एकाच कुळातील, एकाच जातीतील, एकाच संस्थेशी जोडलेल्या दोन बहिणींत एवढे अंतर पडते, तेव्हा जन्माच्या पार्श्वभूमीवरून माणसाच्या अंतःकरणाचे गणित मांडणाऱ्याने थोडे सावध राहिले पाहिजे. आठव्या वर्षी विधवा झालेली आणि विसाव्या वर्षी विधवा झालेली, म्हणजे नवऱ्याची ओळखही नसलेली आणि त्याच्याशी संसार केलेली, हा वयाचा भेद येथे जातीहून बलवत्तर ठरला असावा असा माझा तर्क आहे.

खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तिशीतच वैधव्य आलेल्या या शेतकरी बाईने जात्यावर आणि शेतात जी गाणी रचली ती त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि मराठी रसिक थक्क झाले. आपल्या जिवाला समजावणारी, कुंकू गेले तरी कपाळीचे गोंदण आणि मनगटातले बळ उरले आहे हे त्याला सांगणारी त्यांची कविता ज्यांनी वाचली असेल, त्यांना नेफबाईंच्या तीन अंगांपैकी एकही नव्याने समजावून देण्याची गरज नाही. आणि बहिणाबाई एकट्या नव्हत्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ज्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांत पहाटेच्या वेळी आपल्या दुःखाशी सलगीने बोलणाऱ्या कुणबी, मराठा, महार, मातंग स्त्रियांची एक मोठी परंपरा उभी आहे. सोवळ्या घरातही जाते होतेच; पण तेथे विधवेने स्वतःविषयी काय गावे आणि काय गाऊ नये यावर पहारा होता.

विसाव्या शतकात या चित्रात एक उलट हालचाल झाली. राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले, ब्राह्मण घरांतून केशवपन हळूहळू नाहीसे झाले, आणि नेमके त्याच काळात क्षत्रियत्वाचा किंवा कुलीनतेचा दावा सांगू लागलेल्या अनेक जातींनी आपल्यातील पाट हा कमीपणाचा म्हणून सोडून देण्यास सुरुवात केली. ज्या रीतीने एका वर्गातील स्त्रियांचे आयुष्य करपले होते ती रीत दुसऱ्या वर्गाने प्रतिष्ठेची खूण म्हणून उचलली, आणि त्यासाठी पणजीने बेलाशक लावलेला पाट पणतीच्या पिढीत कोणी उच्चारीनासे झाले. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये जेव्हा पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने साऱ्या ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले, तेव्हा तो ठराव एका जातीपुरता राहू शकत नव्हता. ज्यांच्या पूर्वजांकडून पेशव्यांचे कमाविसदार पाटदाम वसूल करीत असत त्या घरांनाही तो आता लागू करावा लागत होता.